उस्तादांनी बनवलेला एक्सल

मागच्या महिन्यात माझा भाचा नांदेडहून जेवायला आला होता. त्याला गाड्यांचा नाद आहे. एक जुनी जीप घेऊन तिला त्यानं दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलंय आणि ती घेऊन तो डोंगरदऱ्यांतल्या शर्यतींना जातो. इंजिनात जोर आला आणि मागचा एक्सल दोनदा तुटला. आता मजबूत एक्सल कंपनीचा तयार विकत घ्यावा, की ट्रकचा जुना आणून, कापून-जोडून इथंच बनवून घ्यावा, हा त्याचा प्रश्न. भात वाढता वाढता बायको म्हणाली, "मामांना विचार की. यांची अख्खी नोकरी वर्कशॉपात गेली." मी "विकत घे" एवढंच म्हणालो आणि हात धुवायला उठलो. भाच्याला वाटलं, म्हाताऱ्याला यातलं काही कळत नाही. ते खरंही आहे. मी स्टोअरकीपर होतो. मला एक्सल कळतो तो रॅकच्या नंबरानं. पण एक्सल बनवणारा माणूस मी पाहिलेला आहे, आणि त्याच्याबद्दल जेवणाच्या ताटावर बोलण्याची माझी तयारी नव्हती.

त्यांचं नाव महेबूब. आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. मूळचे कंधारचे, किल्ल्याच्या अंगाला त्यांचं घर. वडील बग्गीची चाकं बांधायचे, आजोबाही तेच करायचे. उस्तादांना मराठी लिहिता येत नव्हतं. सही उर्दूत करायचे, उजवीकडून डावीकडं, आणि सही झाल्यावर कागद हातभर लांब धरून पाहायचे. उंची बेताची, खांदे रुंद, डाव्या भुवईत वेल्डिंगच्या ठिणगीनं पाडलेली एक खाच. मोजायला टेप वापरत नसत. खिशात गाठी मारलेला एक सुतळीचा तुकडा असे, आणि त्या गाठींचा हिशेब त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. मी एकदा टेप पुढं केली तर म्हणाले, "ही तुमची सरकारी हाय, इस्टोरसाब. उन्हाळ्यात एक सांगती, हिवाळ्यात एक." मला ते कायम इस्टोरसाब म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. जिल्हा झाला म्हणून गावात हलग्या वाजल्या, पेढे वाटले, आणि लगोलग आमच्यासारख्यांच्या बदल्यांचे कागद निघाले. आमच्या खात्याच्या वर्कशॉपला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची शेड मिळाली. वाटणीत खुर्च्या आल्या त्या हात तुटलेल्या, कपाटं आली ती किल्ल्यांवाचून, आणि जीपा आल्या त्या धक्का मारून आत घ्याव्या लागल्या. मी तेव्हा तरुण होतो आणि रोज चिडत होतो. उस्ताद मात्र प्रत्येक जीपभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मेलेलं कोनीच न्हाई. आजारी हायत समदे."

मग पावसानं दगा दिला. एक साल गेलं, दुसरंही गेलं. ट्रकचे टँकर डांबरीपर्यंत जायचे, पण जळकोटच्या पलीकडं डोंगरात ज्या वाड्या आणि तांडे आहेत तिथं ट्रक चढत नसे. तिथं आमच्या जीपा पाणी न्यायच्या. मागचा भाग उघडा करून त्यात तीन बॅरल उभी केलेली असत. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. त्या वजनानं आणि त्या दगडांवर मागचा एक्सल तुटायचा. ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो: मागच्या दोन चाकांना फिरवणारे दोन पोलादी दांडे असतात आणि ते ज्याच्या पोटात बसतात ते एक जाड कवच असतं. दांडा तुटला की जीप जागेवर बसते. आठवड्याला एक तरी दांडा तुटायचा, आणि एक जीप बसली की एका वाडीला दोन दिवस पाणी नसायचं. वाडीतली माणसं चालत ऑफिसात यायची. ओरडायची नाहीत. शेडच्या सावलीला बसून राहायची, आणि ते बसणं मला ओरडण्यापेक्षा जड जायचं.

उस्तादांनी त्या दिवसांत पाण्यानं हात धुणं सोडलं. लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचे, रॉकेलमध्ये हात बुडवून भुशानं पुसायचे आणि तसेच भाकरीला बसायचे. मी म्हटलं, अहो, अर्धा तांब्या पाण्यानं काय होतंय? म्हणाले, "होतंय ना. अर्धा तांब्या कमी होतंय." त्यांच्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा. त्यांनी एकदा मला तुकडा दिला होता. मी तो खाल्ला आणि दुपारभर तोंडातली ती चव गेली नाही.

नवा दांडा बसवण्याआधी उस्ताद एक गोष्ट हमखास करायचे. पांढऱ्या ऑइलपेंटनं दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. बारीक कुंचल्यानं, श्वास धरून. महिन्याभरानं दांडा बाहेर काढायचा. रेघ सरळ असेल तर दांडा धड आहे. रेघेला पीळ पडला असेल, तर दांडा आतून पिळवटलाय आणि आज ना उद्या तुटणार. मला हे फार आवडलं होतं. मी कोणालाही बोलावून ती रेघ दाखवायचो, जणू मीच ओढलीय. दांडा काढेपर्यंत उस्ताद कशालाच चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. "आधी तिला इचारू," म्हणत. ती म्हणजे रेघ.

आलेल्या सगळ्या दांड्यांच्या रेघा पिळलेल्या निघाल्या. साहेबांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं. आमचे साहेब वाईट नव्हते, घाईत असायचे एवढंच, आणि त्या वर्षी कोण घाईत नव्हतं? कंपनीच्या माणसानं टेबलावर रंगीत चोपडी उघडली. तयार एक्सल होता. जाड कवच, जाड दांडे, आणि त्याच्यासोबत त्याचे स्वतःचे मोठे ब्रेक ड्रम, म्हणजे ज्यांच्या आतून पट्ट्या दाबल्या की चाक थांबतं ती लोखंडी भांडी, आणि चाकं. सगळा संच एकत्र. मागणी वर जाणार, मंजुरी येणार, मग माल येणार, म्हणजे चार-सहा महिने धरून चाला. उस्तादांनी ती चोपडी पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाले, "सायेब, मला एक महिना द्या. म्या बनवतो."

"बनवलेला टिकेल?"

"इकत आनलेल्याला आपली वाट ठावं न्हाई, सायेब. मला ठावं हाय."

साहेबांनी महिना दिला. मंजुरीची मागणी त्यांनी पाठवलीच नाही. मिस्त्री बनवतोय म्हटल्यावर कागद कशाला वाढवायचे?

तो महिना उस्तादांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना असावा. भंगारात निघालेल्या ट्रकचे एक्सल त्यांनी निवडून आणले. कवच दोन्ही बाजूंनी कापून जीपच्या रुंदीचं केलं. ते सरळ जोडलं गेलं की नाही हे पाहायला चार दिवस सुतळी ताणून बसले. वेल्डिंग केलं, पसंत पडलं नाही, कापून पुन्हा केलं. दांड्यांना नवे दाते पाडायचे आणि पोलादाला पाणी द्यायचं काम नांदेडला व्हायचं. दांडे घेऊन ते बसनं निघाले तेव्हा कामाच्या निमित्तानं मी सोबत होतो. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन दांडे त्यांनी मांडीवर आडवे घेतले होते. कंडक्टर म्हणाला, "चाचा, टपावर टाका ते." उस्ताद म्हणाले, "टपावर न्हाई. वाकडं झालं तर वाडीवरच्या बाया तुमाला इचारतील, पानी कुटं हाय म्हून." अर्धी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढं गेला. नांदेडपर्यंत शेजारच्या म्हातारीनं त्या दांड्यांचं एक टोक स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं.

एक गोष्ट त्यांना जमली नाही. कवच ट्रकचं, दांडे ट्रकचे, पण जीपची चाकं बसायला हवीत म्हणून ब्रेक ड्रम जीपचेच, जुने आणि लहान, ठेवावे लागले. हे त्यांना खटकत होतं. एके दुपारी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी मागणीपत्र लिहायला सांगितलं. मोठे ब्रेक ड्रम, जीपच्या चाकांना बसतील असे. मी लिहिलं, त्यांनी उर्दूत सही केली, मी जावक क्रमांक टाकून पाठवलं. उत्तर आलं नाही. दोनदा त्यांनी विचारलं, मग विचारायचं सोडलं. कारण तोवर एक्सल चालू झाला होता, आणि त्याचं कौतुकही.

पहिला एक्सल गौतमच्या जीपला बसला. गौतम आमचा ड्रायव्हर, जळकोटकडचाच, तिशीच्या आतला. वर्कशॉपात आला की सगळ्यांना जय भीम आणि उस्तादांना जय भीम-सलाम असं जोडून म्हणायचा. उस्तादांना चाचा म्हणे. त्याची बायको सुमन ईदला शिरखुर्म्यासाठी दूध पाठवायची, तेही त्या दुष्काळात. गौतमचा हात हलका होता. बरेच ड्रायव्हर उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात. गौतम कधी करत नसे, कारण उस्तादांनी त्याला एकदा सगळ्यांदेखत बजावलं होतं की उतारावर गाडी गिअरमधून काढणाऱ्याच्या हातात मी पाना देणार नाही.

महिन्यानं दांडा बाहेर काढला. सगळे गोळा झाले. उस्तादांनी फडक्यानं तेल पुसलं. रेघ जशीच्या तशी सरळ. त्या दिवशी उस्तादांनी चहा बशीत न ओतता कपानंच प्यायला, साहेबांसारखा. पुढं तीन जीपांना तसेच एक्सल बसले आणि एकही तुटला नाही. एका वाडीवर लोकांनी नारळ फोडला तो जीपच्या पुढं नाही, मागच्या चाकाशी. ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे की गाडी तुटेल पण उस्तादांचा एक्सल तुटणार नाही. उस्ताद हे ऐकायचे आणि हातातलं काम चालू ठेवायचे. पण चालण्यात फरक पडला होता. शेडमधून ऑफिसात येताना पूर्वी दाराशी थबकायचे. आता थेट आत येऊ लागले.

दुसरा उन्हाळा पहिल्याहून वाईट निघाला. विहिरींनी तळ गाठला, पाण्याच्या खेपा वाढवायच्या तर जीपा कुठून आणणार? साहेबांनी तोड काढली. बॅरल काढायची आणि चौकटीवर पत्र्याची टाकी बसवायची. दुप्पट पाणी, त्याच खेपा. त्यांनी उस्तादांना बोलावलं. मी तिथंच होतो, हातात रजिस्टर घेऊन.

"उस्ताद, एक्सलला हे वजन झेपेल ना?"

"एक्सलला झेपंल, सायेब."

"नक्की?"

"याच्या दुप्पट झेपंल."

साहेब हसले. उस्तादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मला ब्रेकचं मागणीपत्र आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. साहेबांनी ब्रेकचं विचारलं नव्हतं, आम्हीही काढलं नाही. उस्ताद बाहेर गेले. मी रजिस्टरात टाकीच्या पत्र्याची नोंद केली.

टाकी बसून पंधरा दिवस झाले असतील. गौतम सकाळी वर्कशॉपात आला आणि म्हणाला, "चाचा, उतारावर पाय लई दाबावा लागून राहिला. पोटरीत गोळा येतोय." उस्तादांनी चाकं काढली, ब्रेकची पट्टी घासली, ब्रेक आवळले, चक्कर मारून पाहिली. रिकामी होती तेव्हा जीप. म्हणाले, "जा. काई न्हाई होत. गिअरमदी ठिव." गौतम गेला.

चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला. डोंगरातून वाडीकडं उतरताना वळणावर जीप खाली गेली होती, टाकी वर आणि गौतम तिच्याखाली. आम्ही पोचलो तेव्हा वाडीतल्या लोकांनी त्याला बाहेर काढून लिंबाखाली निजवलं होतं आणि अंगावर एक धोतर टाकलं होतं. टाकी फुटली होती. खडकाच्या खळग्यांत साचलेलं पाणी बाया वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. आम्हाला पाहून त्या थांबल्या, मग एक म्हातारी रडत रडत पुन्हा वाटी बुडवू लागली. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या उन्हात ते पाणी तासाभरात गेलं असतं. उस्ताद गौतमजवळ गेले नाहीत. ते सरळ खाली जीपकडं गेले आणि तिच्याशेजारी उकिडवे बसून राहिले.

जीप वर्कशॉपात ओढून आणली. बाहेरून चौकशी अधिकारी आले. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की मिस्त्रीनं भंगारातून बनवलेला एक्सल तुटला असणार. साहेबांचा चेहरा उतरला होता, कारण तोंडी परवानगी त्यांची. अधिकाऱ्यांच्या समोर उस्तादांनी दांडे बाहेर काढले. तेल मी पुसलं. दोन्ही रेघा सरळ. कवचाला तडा नाही, वेल्डिंगला केसाएवढी चीर नाही. अधिकारी म्हणाले, "कमाल आहे. गाडीचा चेंदा झाला आणि एक्सल शाबूत." साहेबांनी उस्तादांच्या पाठीवर हात ठेवला. जबानीत उस्तादांनी एवढंच सांगितलं, की एक्सल शाबूत आहे. त्यांना पुढचं कोणी विचारलं नाही. मग चूक कोणाची? ड्रायव्हरनं उतारावर गाडी न्यूट्रल केली असणार, सगळेच करतात. अहवालात तसंच लिहिलं गेलं: चालकाचा निष्काळजीपणा.

त्या एका ओळीचा अर्थ असा होता, की चूक चालकाची म्हणून त्याच्या विधवेला खात्यात नोकरी मिळणार नाही. सुमनच्या पदरात दोन लेकरं, रान कोरडं, आणि रोजगार हमीच्या खडी फोडण्यापलीकडं काही नाही. आणि त्याच आठवड्यात नव्या जिल्ह्यात कायम होणाऱ्या माणसांची यादी आली. इतकी वर्षं रोजंदारीवर असलेल्या उस्तादांचं नाव तिच्यात होतं. मी यादी घेऊन पळत शेडमध्ये गेलो. ते म्हणाले, "ठिवा तिथं." मी ठेवली. तेलाचा डाग पडला तिच्यावर.

सुमन आली ती महिन्याभरानं. शेडच्या दाराशी उभी राहिली, आत आली नाही. उस्ताद कानस चालवत होते.

"चाचा, एक इचारायचं हाय. मालक गाडी न्यूट्रल करत व्हते का?"

उस्तादांची कानस थांबली नाही.

"लोक म्हनून राहिलेत. लेकराला शाळंत म्हनत्यात, तुज्या बापानं डिझेल चोरायसाटी गाडी सोडली. तुमी गाडी खोलली ना? तुमाला ठावं असंल."

कानस चालूच. तिनं पदर नीट केला आणि ती गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर उस्तादांनी कानस ठेवली आणि माझ्या टेबलासमोर येऊन बसले. खुर्चीवर ते कधी बसत नसत.

"गाडी गिअरमदी व्हती, इस्टोरसाब," ते म्हणाले. "म्या गिअरबॉक्सचं झाकन काढून बगितलं. आत दुसरा गिअर बराबर बसलेला. पोरानं काई सोडलं न्हवतं. ड्रम काढला तर तापून निळा पडलेला. आत पट्टीची राख. दाबून दाबून जाळलं त्यानं ब्रेक, आन् गाडी थांबली न्हाई."

मग मला मागणीपत्र आठवलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मी फाइल काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "उस्ताद, तुम्ही तर मोठे ड्रम मागितले होते. हा कागद आहे. तुमची सही आहे. द्यायचं काम वरच्यांचं. हा पुढं करा, सुमनचंही होईल आणि तुम्हालाही कोणी हात लावणार नाही."

त्यांनी कागद हातभर लांब धरून आपली सही पाहिली. मग माझ्याकडं परत सरकवला.

"कागद खरा हाय. पन सायबानं इचारलं तवा मी गप बसलो, ते कागदावर न्हाई."

"साहेबांनी ब्रेकचं विचारलंच नव्हतं."

"म्हूनच गप बसलो. बोललो असतो, सायेब ब्रेक लहान हायत, तर सायेब काय म्हनले असते? मंग कंपनीचाच आना, मोठ्या ब्रेकासकट. माझा एक्सल खाली उतरला असता." मग ते म्हणाले, "माझा एक्सल खाली उतरू ने म्हून मी बोललो न्हाई, इस्टोरसाब. गौतमनं इचारलं तवाबी न्हाई."

साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. चौकशी संपली आहे, अहवाल गेला आहे, तुमचं नाव यादीत आहे, घरी चार तोंडं आहेत. उस्ताद उभे राहूनच ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, लिवून घ्या. तुमी न्हाई घेतलं तर मी वरच्या सायबाकडं चालत जाईन." जबानी मी लिहिली. ते सांगत गेले आणि मी शुद्ध मराठीत उतरवत गेलो. गाडी गिअरमध्ये होती. ब्रेक जळाले होते. ब्रेक वजनाला अपुरे आहेत हे मला माहीत होतं. चालकानं तक्रार केली होती. मी त्याला जा म्हणालो. मागणीपत्राचा उल्लेख करू का म्हणून मी पुन्हा विचारलं, ते नको म्हणाले. मग तो कागद माझ्या फाइलीत राहिला. तो बाहेर आला असता तर टाकीच्या वेळी स्टोअरकीपर का बोलला नाही, असंही कोणी विचारलं असतं. म्हणजे त्यांचं नको म्हणणं मलाही सोयीचं होतं, हे इथं लिहायला हवं. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. पण ती मी बाहेर जाऊन, पाणी पिऊन आल्यावर केली.

अहवाल बदलायला जवळजवळ वर्ष गेलं. बदलला मात्र. चालक निर्दोष ठरला. यादीतून उस्तादांचं नाव गेलं, रोजंदारीही गेली. त्यांनी बनवलेले बाकीचे तिन्ही एक्सल साहेबांनी उतरवले. आधी जो संच मागवला नव्हता तो आता आला, मोठ्या ब्रेकांसकट, आणि तोही पुढं कधी तुटला नाही.

लातूर सोडायच्या आदल्या दिवशी उस्ताद म्हणाले, "सुमनकडं जाऊन येऊ." आम्ही गेलो. ती अंगणात गोवऱ्या थापत होती. तिला ऑर्डर मिळाली होती, आमच्याच ऑफिसात शिपाई म्हणून. उस्तादांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जबानीत लिहिलेलं, आणि न लिहिलेलंही, स्वतःचा एक्सल उतरू नये म्हणून गप बसल्याचं. तिनं हात न धुता ऐकलं.

"तुमी लिवून दिलं म्हून मला नोकरी लागली, चाचा," ती म्हणाली.

उस्ताद जायला वळले.

"तवाच बोलला असता तर लागली नसती. मानूस असता."

आणि ती पुन्हा गोवऱ्या थापू लागली. आम्ही बसलो नाही, तिनं बसा म्हटलंही नाही. परत येताना उस्ताद रस्त्याच्या कडेनं चालत होते आणि मी मधून. सायकलवाल्यानं मला शिव्या दिल्या.

सुमनबरोबर मी पुढं वीस वर्षं नोकरी केली. कामाला चोख. लेकरं शिकली. मला स्टोअरच्या किल्ल्या आणून द्यायची, चहा द्यायची. उस्तादांचं नाव तिनं कधी घेतलं नाही, आणि मीही काढलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी कामानं कंधारला गेलो होतो. काम आटोपून बसस्टँडवर आलो तर बाकड्यावर उस्ताद बसलेले. दाढी पूर्ण पांढरी, भुवईतली खाच तशीच. मला ओळखलं. "इस्टोरसाब," म्हणाले, आणि बाकड्यावर जागा करून दिली. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाले, मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, मी इथं असतो. इथं म्हणजे कुठं, ते मला कळलं नाही. मी प्रकृतीचं विचारलं, पावसाचं बोललो. मध्येच त्यांनी विचारलं, "सुमन काई बोलती का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण या माणसाशी कसं बोलणार?

"कामाचं बोलते," मी म्हणालो. "तुमचं काही काढत नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले.

एवढ्यात घाट उतरून बस आली. तीच माझी होती. मी पिशवी उचलली. उस्ताद माझ्या आधी उठले आणि दाराकडं न जाता बसच्या मागच्या चाकाशी गेले. वाकले आणि चाकाच्या आत, ब्रेकच्या ड्रमवर तळहात टेकवला. मी दोन पावलांवर होतो. मला त्या तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. त्यांनी हात काढला नाही. ओठ हलत होते, ड्रम किती तापलाय ते आकडे मोजून पाहत होते. ड्रायव्हर खिडकीतून मागं पाहत शांत बसला होता. मी आत चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "रोज येतात. प्रत्येक गाडीला. त्यांचं झाल्याबगर आमी बेल मारत न्हाई."

मी मागच्या खिडकीशी गेलो. उस्तादांनी हात काढून पत्र्यावर दोनदा थापटलं. तळहात जुन्या भाजण्यांनी काळा आणि चकचकीत झाला होता. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मी हात हलवला. त्यांनी वर पाहिलं नाही, ते दुसऱ्या बाजूच्या चाकाकडं निघाले होते. ड्रायव्हरनं इंजिन पुन्हा बंद केलं आणि आम्ही सगळे थांबलो.